‘गोळी घे आणि ड्युटीवर ये’ – हा सल्ला आम्हाला नामंजूर!



क्रू लॉबीत जा, गँगच्या टूल-रूममध्ये जा, आर.एम.एस.च्या सॉर्टिंग हॉलमध्ये जा, नाहीतर पोस्टमनच्या बीटवर जा. पोटात दुखते आहे असे कोणी म्हणायचा अवकाश, शेजारचा सहकारी खिशातली स्ट्रिप काढतो आणि एक गोळी तोडून हातावर ठेवतो. कोणती गोळी? तर ‘पेनकिलर’. दुखते ना, मग दुखण्याची गोळी! आणि वरून सुपरवायझर म्हणतो, ‘‘गोळी घे आणि ड्युटीवर ये, माणसे कमी आहेत.’’

सहकारी आपुलकीने देतो, सुपरवायझर रोस्टर भरावे म्हणून बोलतो. पोटाचे नुकसान दोन्हीकडून सारखेच होते. पोटदुखीवर हाताला लागेल ती वेदनाशामक गोळी घेऊन कामावर उभे राहण्याची ही रीत बंद झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ती बंद करण्याची जबाबदारी एकट्या कामगाराच्या माथी मारता येणार नाही, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

काही मंडळी म्हणतील, पगार, पेन्शन, रिक्त जागा, खाजगीकरण हे प्रश्न सोडून युनियनवाले गोळ्या-औषधांवर कधीपासून लिहू लागले? त्यांना आमचा उलट प्रश्न आहे. आठ तासांच्या कामाची मागणी जगभरच्या कामगारांनी कशासाठी केली? शरीर टिकावे म्हणूनच ना? ज्या पोटासाठी आपण नोकरी करतो, ते पोटच नोकरीपायी जळत असेल, तर तो युनियनचा प्रश्न नाही तर कोणाचा?

रोग म्हशीला, औषध पखालीला

आधी हे समजून घेऊ की या गोळ्या शरीरात करतात काय. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड आणि जुनी ॲस्पिरिन, ही सगळी एकाच घराण्यातली औषधे. ती वेदना कशी कमी करतात हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवून दिले व त्या कामाबद्दल त्याला १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सूज आणि वेदना वाढवण्यात त्यांचा हात असतो. या गोळ्या त्यांचे उत्पादन रोखतात, म्हणून गुडघा, कंबर, दाढ यांचे दुखणे थांबते.

पण हीच द्रव्ये जठराच्या आतल्या अस्तराचे रक्षणही करतात. आपल्या जठरात अन्न पचवणारे तीव्र आम्ल असते. त्या आम्लाने जठरच भाजून निघू नये म्हणून आत एक चिकट संरक्षक थर असतो. तो थर टिकवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करते. गोळीने ते रोखले की थर पातळ होतो, आम्ल अस्तराला लागते, चट्टे पडतात, अल्सर होतो, प्रसंगी रक्त वाहू लागते. म्हणजे छातीखाली जळजळते, पोटात आग पडते म्हणून जो कामगार डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन गिळतो, तो आगीत तेल ओततो. आपल्याकडे म्हण आहे, रोग म्हशीला आणि औषध पखालीला. इथे तर औषधच म्हशीच्या जिवावर उठते!

अल्सरची मुख्य कारणे जगभरच्या डॉक्टरांनी दोन मानली आहेत. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तो १९८० च्या दशकात उजेडात आणला. जगाचा विश्वास बसेना म्हणून १९८४ साली मार्शलने स्वतः तो जंतू पिऊन दाखवला! २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. आपल्या देशात हा जंतू असंख्य लोकांच्या पोटात आहे. डॉक्टरांनी तपासून दिलेल्या अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांच्या साधारण दोन आठवड्यांच्या कोर्सने तो बहुतेकांच्या पोटातून जातो. दुसरे कारण म्हणजे हीच पेनकिलर घराण्यातली औषधे. पोटात जंतू आणि वरून रोजची पेनकिलर, असे दोन्ही एकत्र आले की धोका आणखी वाढतो.

आमच्या भागातल्या एका गँगमनचे उदाहरण देतो. हल्ली कागदावर त्यांना ट्रॅक मेंटेनर म्हणतात, पण रुळाला लागणारी ताकद तीच आहे. गुडघेदुखीसाठी हा माणूस महिनोन्महिने गोळ्या घेत होता. पुढे पोटात जळजळू लागले, तर त्यासाठीही तीच गोळी. गोळीने तात्पुरते बरे वाटे. मग एके दिवशी शौचाला डांबरासारखे काळे झाले, चक्कर आली आणि तो ट्रॅकच्या कडेला बसला. सहकाऱ्यांनी वेळेवर दवाखान्यात पोचवले, रक्त चढवले, म्हणून वाचला. त्याने रजा मागितली होती का? मागितली होती. ‘‘पोटच तर दुखते आहे, गोळी घे’’ हे उत्तर मिळाले होते.

या उदाहरणातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही औषधे वेदना दाबतात, त्यामुळे अल्सर झाला तरी तो दुखेलच असे नाही. पुष्कळ जणांना पहिली खूण मिळते ती थेट रक्तस्रावाची. रेल्वेच्या माणसाला आम्ही वेगळे काय सांगावे? सिग्नल लाल आहे म्हणून दिव्यावर फडके टाकले तर पुढची लाईन मोकळी होत नाही.

चार पळवाटा आणि त्यांची उत्तरे

पहिली पळवाट : ‘‘काहीतरी खाऊन घेतली की बाधत नाही.’’ खाल्ल्यावर घेतली तर मळमळ, जळजळ कमी वाटते, हे खरे. पण औषध रक्तातून सगळ्या शरीरात फिरते व अस्तराचे संरक्षण रक्तामार्फतही काढून घेते. त्यामुळे जेवण झाले म्हणून अल्सरचा धोका संपत नाही.

दुसरी : ‘‘मग इंजेक्शन घेऊ, ते पोटात जातच नाही.’’ वरचेच कारण इथेही लागू आहे. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दंडावर घ्या की कमरेवर, परिणाम जठरावर होतोच.

तिसरी : ‘‘सोबत ॲसिडिटीची गोळी घेतो.’’ ज्यांना सांधेदुखीसाठी ही औषधे घ्यावीच लागतात त्यांना डॉक्टर आम्ल कमी करणारी गोळी जोडीला देतात आणि तिने धोका कमी होतो. परंतु ती डॉक्टरांनी माणूस पाहून ठरवायची गोष्ट आहे. पोटदुखीसाठी आधी पोट जाळणारी गोळी आणि मग ती शमवणारी गोळी, हा व्यवहार फक्त दुकानदाराच्या फायद्याचा.

चौथी : ‘‘आम्हाला सवय आहे, काही होत नाही.’’ वय वाढते तसा धोका वाढतो. पूर्वी अल्सर झालेला असेल, दारू-तंबाखू असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर अधिकच वाढतो. उन्हात घाम गाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. शरीरातले पाणी कमी झालेले असताना ही औषधे मूत्रपिंडावरही घाला घालतात, विशेषतः ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या चालू असतील तर. मे महिन्यात भुसावळ-नागपूरच्या उन्हात पॅकिंग करणाऱ्या गँगमनला हे कोणी सांगितले आहे काय?

मग घ्यायचे तरी काय?

टीका करून आम्ही मोकळे होणार नाही. साध्या, कारण माहीत असलेल्या पोटदुखीत वेदनेची गोळी घ्यायचीच झाली तर ती पॅरासिटामॉल. जठराच्या अस्तराला ती वरच्या घराण्यासारखी इजा करत नाही. पण तिलाही मर्यादा आहे आणि ती मोडली तर यकृत निकामी होते. म्हणून हे नियम कापून लॉबीत आणि सॉर्टिंग हॉलमध्ये लावा :

१) मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक, फार तर दोन गोळ्या एका वेळी घ्याव्यात. पुढचा डोस ४ ते ६ तासांनी. २४ तासांत ८ पेक्षा जास्त गोळ्या कधीही नाहीत. गोळी ६५० ची असेल तर एका वेळी एकच आणि २४ तासांत ६ च्या वर नाही.

२) रोज दारू घेणारे, काविळीचा किंवा यकृताचा त्रास असलेले, अंगाने फार खंगलेले, यांना ही मर्यादाही जास्त होते. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

३) सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते. कॉम्बीफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही आहेत. म्हणून ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचा. तोडून दिलेली सुटी गोळी, जिच्यावर नाव नाही की तारीख नाही, ती घेऊच नका.

४) चुकून जास्त गोळ्या गेल्या तर बरे वाटते आहे म्हणून थांबू नका. यकृताची इजा पहिल्या दिवशी जाणवत नाही. उतारा पहिल्या ८ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. तडक हॉस्पिटल गाठा.

५) नुसती जळजळ, आंबट ढेकर असेल तर पेनकिलर नकोच. अँटासिडचे औषध काही दिवस चालते. दोन आठवडे लोटूनही जळजळ राहिली तर डॉक्टरांकडे जा.

६) पोटात पीळ पडतो म्हणून डायसायक्लोमिनची गोळी घेतली जाते. तिने गुंगी येऊ शकते, डोळ्यांपुढे अंधुक दिसू शकते. लोको पायलट, सहायक लोको पायलट, गार्ड, पॉइंट्समन यांनी ती घेऊन ड्युटीवर उभे राहू नये. ज्याने सिग्नल वाचायचा त्याला अशी गोळी देऊन गाडीवर चढवणे हा प्रवाशांच्या जिवाशीही खेळ आहे.

७) तापाबरोबर पोट दुखते आणि डेंग्यूची शंका आहे, तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांना हात लावू नका. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो व जोराची पोटदुखी ही त्या आजाराची धोक्याची सूचना आहे.

भगिनींसाठी वेगळे सांगतो. मासिक पाळीच्या दुखण्यात मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेनचा खरोखर उपयोग होतो. डॉक्टरांना एकदा विचारून, जेवणानंतर, दोन-तीन दिवस घेतले तर ते योग्यच आहे. मात्र तीच गोळी घरात सगळ्यांच्या पोटदुखीवर वापरू नका. मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर रिॲक्शन येते, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ मध्ये दिलेला आहे. गरोदरपणात तर यातली कुठलीही गोळी मनाने घेऊ नका.

आणि ज्यांना हृदयविकारासाठी डॉक्टरांनी कमी डोसची ॲस्पिरिन लावली आहे, त्यांनी हा लेख वाचून ती परस्पर बंद करू नये. पोटाचा त्रास असेल तर त्याच डॉक्टरांना सांगावे.

इथे गोळी शोधत बसू नका

काही पोटदुख्या अशा आहेत की तिथे गोळी घेण्यात गेलेला प्रत्येक तास महागात पडतो. अचानक उठलेली असह्य कळ आणि लाकडासारखे कडक झालेले पोट. बेंबीभोवती सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकणारे दुखणे, जे अपेंडिक्सचे असू शकते. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. डांबरासारखी काळी शौच. पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद. कावीळ, तापासह थंडी. वजन घटत जाणे, घास गिळताना अडकणे.

यात सर्वांत फसवे दुखणे म्हणजे छातीखालची, पोटाच्या वरच्या भागातली कळ, जोडीला घाम, दम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिऊन झोपलेले किती सहकारी आपण गमावले! तो हार्ट ॲटॅक असू शकतो. चाळिशी उलटलेल्यांनी आणि मधुमेह्यांनी तर एक क्षणही थांबू नये.

हिशेब प्रशासनाने द्यावा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कामगार गोळी का गिळतो? तो अडाणी आहे म्हणून नव्हे. सिकमध्ये गेला की रनिंग स्टाफचे मायलेज बुडते. हेल्थ युनिटला जायचे तर अर्धा दिवस मोडतो, आणि जाऊनही डॉक्टर जागेवर भेटेलच याची खात्री नाही. स्टेशनवर बदली माणूस नाही. बीटवरच्या पोस्टमनच्या थैलीतले टपाल दुसऱ्याच्या अंगावर पडते. ग्रामीण डाकसेवकांना तर खाते आपले नियमित कर्मचारीच मानत नाही, सीजीएचएसचे कार्डही त्यांच्या हातात नाही. मग त्याला परवडणारी वस्तू कोणती? दोन रुपयांची गोळी! म्हणजे आजाराचा खर्च प्रशासनाच्या खात्यातून निघतो आणि कामगाराच्या जठराच्या नावे पडतो.

जेवणाचेच पाहा. उपाशी राहून अल्सर होतो असे डॉक्टर म्हणत नाहीत, आणि आम्हीही म्हणणार नाही. पण अवेळी जेवण, रात्रपाळी, चहावर चहा आणि तंबाखू यांनी जळजळ आणि अपचन वाढते, आणि त्याच रिकाम्या पोटी पेनकिलर पडते. महाराष्ट्रातला माणूस इटारसी, झाशी, सिकंदराबाद, हुबळी अशा ठिकाणी नोकरीला असतो. रनिंग रूममध्ये जे मिळेल ते, जेव्हा मिळेल तेव्हा खातो. १९७३ च्या ऑगस्टमध्ये लोको रनिंग स्टाफने संप केला तेव्हा दहा तासांच्या ड्युटीचे आश्वासन सरकारने संसदेत दिले. त्याला अर्धशतक उलटले. आणि एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने काय कळवले? की लोको पायलटना जेवणासाठी आणि नैसर्गिक विधीसाठी ठराविक वेळ देणे कामकाजाच्या दृष्टीने व्यवहार्य नाही! काही नव्या इंजिनांत शौचालये बसवली जात आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण घास खायला वेळ देणे ‘व्यवहार्य नाही’ असे म्हणणाऱ्यांनी कामगारांना ‘तब्येतीची काळजी घ्या’ अशी पोस्टर्स लावू नयेत, एवढीच आमची विनंती आहे.

औषध कंपन्या आणि दुकानदार यांनाही आम्ही सोडणार नाही. १९४५ च्या औषध नियमांतल्या शेड्यूल एचमध्ये डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड ही नावे आहेत. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात स्टेशनबाहेरच्या कोणत्याही दुकानात ती चण्याफुटाण्यासारखी मिळतात. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर सरकारने २०११ साली बंदी घातली, पण ही गोष्ट किती घरांपर्यंत पोचली? एकच औषध डझनावारी नावांनी विकले जाते. कामगार दोन वेगळी नावे पाहून दोन गोळ्या घेतो आणि एकाच औषधाचा दुप्पट डोस पोटात जातो. १९७५ साली हाथी समितीने ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने काढून औषधे मूळ नावाने विकावीत अशी शिफारस केली होती. ती मानली असती तर आज हा गोंधळ नसता.

आमच्या मागण्या

एक : पोटदुखीची तक्रार करणाऱ्याला सिक मेमो तात्काळ द्यावा. ‘गोळी घेऊन ये’ असे सांगणाऱ्या सुपरवायझरची तक्रार नोंदवून घ्यावी.

दोन : रनिंग स्टाफला जेवणाची निश्चित वेळ आणि रनिंग रूममध्ये चोवीस तास ताजे अन्न मिळावे.

तीन : प्रत्येक हेल्थ युनिटमध्ये डॉक्टर, पॅरासिटामॉल, अँटासिड आणि हेलिकोबॅक्टरच्या तपासणीची सोय असावी. दीर्घकाळ वेदनाशामक घेणाऱ्या कामगारांची नियमित तपासणी व्हावी.

चार : ग्रामीण डाकसेवकांना आणि कंत्राटी कामगारांना कायम कामगारांइतकीच वैद्यकीय सोय मिळावी. जठर कायम आणि कंत्राटी असे दोन प्रकारचे नसते.

शाखांनी या मागण्या वाट पाहत कपाटात ठेवू नयेत. पुढच्या गेट मीटिंगमध्ये वरचे सात नियम मोठ्याने वाचून दाखवावेत. पोटदुखी असूनही सिक मेमो नाकारला गेला तर तारीख, वेळ आणि कोणी नाकारला हे लिहून शाखेकडे द्यावे. अशी दहा कागदे जमली की प्रशासनाला उत्तर द्यावे लागते, हा आमचा अनुभव आहे. आणि तोपर्यंत, सहकाऱ्याचे पोट दुखते आहे असे कळले तर खिशातली स्ट्रिप खिशातच राहू द्या. त्याला विचारा, कुठे दुखते, किती वेळ दुखते, शौच काळी झाली का. मग त्याच्याबरोबर दवाखान्यात जा आणि त्याची ड्युटी कोण करणार हे विचारायला आम्हाला बोलवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!